त्र्याण्णवावे कलम आणि दुपारची झोप

आमच्या वाचनालयात एकतंत्री कारभार आला तो दिवाळीनंतर, आणि तो आणला कार्यकारी मंडळाने. मंडळाने राजीनामा दिला नसता तर अध्यक्षांना ते कधी सुचले नसते.

लढाई सुरू झाली होती. हिंदुस्थानाला न विचारता हिंदुस्थान लढाईत ओढला गेला, म्हणून नागपूरच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गव्हर्नरांनी पस्तीस सालच्या राज्यकारभाराच्या कायद्याचे त्र्याण्णवावे कलम लावून मध्यप्रांत-वऱ्हाडचा सगळा कारभार आपल्या हाती घेतला. वऱ्हाडाची मालकी कागदावर हैदराबादची, कारभार नागपूरचा आणि हुकूम विलायतेचा; तेव्हा कोणी कोणाचे सरकार गुंडाळले याची चौकशी करण्याची सवय आम्हांला नव्हती. परंतु वर्तमानपत्रांचा गठ्ठा मलकापूरच्या स्टेशनवरून सर्व्हिस मोटरने घाट चढून आमच्या तालुक्याच्या गावी पोहोचला, तो मंडळाच्या सभासदांनी उभ्या उभ्या वाचला आणि त्याच आठवड्यात सर्वांनी एकमताने राजीनामे दिले. मंत्रिमंडळाला कोणी विचारले नव्हते. आमच्या मंडळालाही कोणी विचारले नव्हते. तेवढे साम्य त्यांना पुरेसे वाटले.

या राजीनाम्यांचा इंग्रज सरकारवर काय परिणाम झाला ते मला कळलेले नाही. वाचनालयावर झाला.

त्याचे कारण वाचनालयाची घटना. ती लिहिली होती माझ्या ज्येष्ठ वकिलांनी. मी तेव्हा नुकताच वकिलीत पडलो होतो आणि त्यांच्या हाताखाली काम करीत होतो. गृहस्थ विद्वान होते. नवा राज्यकारभाराचा कायदा आला त्या वर्षी त्यांना वाचनालयाचे नियम करण्यास सांगण्यात आले. त्यांनी पारायण करून ठेवलेल्या कायद्यातलीच कलमे मराठीत उतरवली. गव्हर्नरांच्या जागी अध्यक्ष घातला, मंत्रिमंडळाच्या जागी कार्यकारी मंडळ आणि प्रांताच्या जागी वाचनालय. त्र्याण्णवावे कलमही असेच आले. घटनेनुसार काम चालणे अशक्य झाले आहे अशी अध्यक्षांची खात्री झाली, तर त्यांनी तशी घोषणा करावी आणि सर्व अधिकार आपल्याकडे घ्यावेत. मात्र ती घोषणा दोन्ही सभांपुढे ठेवली पाहिजे. दोन्ही सभांनी मान्य केली तर आणखी वर्षभर चालेल. न केली तर सहा महिने पुरे होताच आपोआप रद्द होईल.

विलायतेच्या पार्लमेंटात दोन सभागृहे आहेत. आमच्या वाचनालयात एक खोली होती. दुसरी सभा कोणती, असे कोणीतरी तेव्हाच विचारले होते. ज्येष्ठ म्हणाले, "आज नाही. उद्या होईल. कायदा पुढचे पाहून करायचा असतो." सर्वांनी माना डोलावल्या आणि नियम छापून आले. माझ्या माहितीप्रमाणे जगातल्या कोणत्याही वाचनालयाला आणीबाणीची तरतूद नसेल. आमच्याकडे होती, आणि पुस्तके देण्याघेण्याच्या नियमांहून ती मोठी होती.

अध्यक्ष सेवानिवृत्त तहसीलदार होते. अमडापूरच्या बाजूला त्यांची बरीच शेती होती. गाव त्यांना रावसाहेब म्हणे. माणूस कायद्याला चिकटून राहणारा. नोकरीत असताना स्वतःच्याच शेताचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला, तेव्हा कोर्टफीचे तिकीट कमी लावले आहे म्हणून तो त्यांनी स्वतःला परत केला, अशी कथा होती. मी त्यांना विचारले होते. त्यांनी ती खरी असल्याचे सांगितले आणि त्यात हसण्यासारखे काय आहे ते विचारले.

वाचनालयाची इमारत म्हणजे पूर्वी एका अडत्याचे सरकीचे कोठार होते. भिंती हातभर जाड, खिडक्या उंच. गावात त्याहून थंड खोली नव्हती. रावसाहेब जेवण करून तेथे येत, आरामखुर्चीत बसत, इंग्रजी वर्तमानपत्र तोंडावर घेत आणि चहाच्या वेळेपर्यंत झोपत. वाचनालयावर त्यांचे प्रेम होते यात शंका नाही. या प्रेमात मंगळवार आणि शुक्रवार या दोन दुपारी खंड पडे, कारण त्या दुपारी वाचनालय बायकांसाठी राखलेले असे.

त्या दोन दुपारींविषयी लिहिणे भाग आहे. माझी थोरली बहीण लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती. घरात तिला काम पुष्कळ होते. बाहेर जाण्यास निमित्त नव्हते. हळदीकुंकवाला तिला बोलावीत नसत, लग्नकार्यात ती आतल्या खोलीत बसे, आणि देवळात गेली तर पुढे उभ्या असलेल्या बायका बाजूला सरत. वाचनालयात कोणी सरत नसे. तेथे बाके कमी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती जेवणे लवकर आवरी, धुतलेले लुगडे नेसे आणि जाई. परतल्यावर ती काय वाचले ते सांगत असे. मी ऐकत असे. आमच्या घरात याहून अधिक बोलण्याची पद्धत नव्हती.

रावसाहेबांनी घोषणा केली आणि पहिला हुकूम काढला तो हाच: युद्धकाळात रॉकेलची काटकसर आवश्यक असल्याने बायकांची वेळ बंद. दुपारी दोन वाजता रॉकेल कशाला लागते, हे विचारण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांनी राजीनामे दिले होते.

हुकूम दारावर लागला त्या मंगळवारी बहीण लुगडे नेसून गेली आणि लगेच परत आली.

"बंद आहे," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"ते तू सांगायचंस. कायदा तू शिकलास."

मी नियमांचे पुस्तक काढून वाचले. सहा महिने, मी सांगितले. आणि सभांनी मान्य केले तर आणखी वर्ष. ती "बरं" म्हणाली आणि लुगडे बदलून तांदूळ निवडायला बसली. त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी ती जेवणे उशिरा आवरू लागली. घरात हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले.

फाल्गुनात रावसाहेबांनी साधारण सभा बोलावली. घोषणा सभेपुढे ठेवायची होती आणि पुढील वर्षाची मंजुरी घ्यायची होती. सभा भरगच्च झाली, कारण तो बाजाराचा दिवस होता. खेड्यांवरून आलेले सभासद कापसाचे भाव वाचायला येत आणि सभा असली तर तीही पाहून जात. त्यांत अमडापूरकडचा एक कास्तकार होता. कोणत्याही सभेत तो दारापाशी बसे आणि मध्येच बोले. त्याचे बोलणे कोणी लिहून घेत नसे, पण ऐकत सर्व.

मंजुरी मिळणार हे उघड होते. पहिली गोष्ट, माणसे रावसाहेबांना वचकून होती. दुसरी, एकाच माणसाचा कारभार असल्याने वर्तमानपत्रे वेळेवर लावली जात होती. ज्यांनी राजीनामे दिले होते त्यांनाही फारशी घाई नव्हती. त्याग करून घरी बसणे त्यांना मानवले होते. हात वर झाले. मी उठलो.

"माझी कायदेशीर हरकत आहे," मी म्हणालो. "नियमात दोन्ही सभा म्हटले आहे. ही एक झाली."

रावसाहेबांनी चष्मा काढला. "दुसरी सभा अस्तित्वात नाही. जी नाही तिची संमती गृहीत धरावी लागते."

"रावसाहेब," दारातून आवाज आला, "दुसरी सभा काहाले शोधता? तंबाखू खानारे इकडं बसवा, बिडीवाले तिकडं. झाल्या दोन सभा!"

"तू चूप बस बे," कोणीतरी म्हणाले.

"काऊन चूप? वर्गनी भरतो मी."

हसणे थांबल्यावर मी बोललो. दुसरी सभा अस्तित्वात होती. बायकांना सभासद करून घेतले तेव्हा त्यांनी साधारण सभेत पुरुषांबरोबर बसू नये असा आग्रह सर्वांनी धरला होता. म्हणून मंडळाने ठराव केला होता की, स्त्री-सभासदांची स्वतंत्र सभा राहील व तिचे अधिकार साधारण सभेप्रमाणे राहतील. अधिकारांचे शब्द कोणी वाचले नव्हते. स्वतंत्र हा शब्द ऐकूनच सर्वांनी हात वर केले होते. तो ठराव मी म्हणून दाखवला.

माझे ज्येष्ठ शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "मी म्हटले नव्हते, उद्या होईल म्हणून?" त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. आपण लिहिलेला कायदा चालतो, एवढ्यानेच ते सुखी झाले होते. तो कोणाच्या अंगावर चालून येतो याची त्यांना पर्वा नव्हती.

सभेत गोंधळ झाला. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "बायका घोषणेचा विचार करणार? गव्हर्नरसाहेबांनी ऐकले तर काय म्हणतील?" कास्तकार म्हणाला, "त्याइच्या घरी बाई नाई का?" बाकीचे म्हणाले, या वकील पोराला उन्हाळा बाधला आहे, हरकत फेटाळून लावा.

रावसाहेबांनी ती फेटाळली असती तर कोणी काही केले नसते. पण ते बराच वेळ नियमांचे पुस्तक पुढे घेऊन बसले. मग मानेखालून घाम पुसत उभे राहिले. संतापले की त्यांची सरकारी मराठी सुटे.

"तुमाले काय वाटलं, मी कायदा मोडीन? तीस वर्स नोकरी केली. नाई मोडला." मग घसा साफ करून त्यांनी निर्णय दिला: "हरकत ग्राह्य. घोषणा स्त्री-सभेपुढे ठेवण्यात यावी. त्या कारणापुरते वाचनालय दुपारी स्त्रियांस खुले राहील."

दार त्यांनीच बंद केले होते आणि ते बंद ठेवण्याची मंजुरी मिळवण्यासाठी त्यांनाच ते उघडावे लागले.

स्त्री-सभा मंगळवारी भरली. पुरुषांना आत येण्यास मनाई. परंतु कायद्याचा प्रश्न निघाला तर उत्तर देण्यासाठी मला बाहेरच्या ओट्यावर बसवण्यात आले. दार लोटलेले होते, आवाज येत होता. अध्यक्षस्थानी रावसाहेबांची पत्नी होती. मोठ्या घरची, मोकळ्या तोंडाची बाई. तिला कोणी निवडले नव्हते. ती खुर्चीत बसली आणि तो विषय संपला.

"वाचा बरं सगळं," ती म्हणाली.

माझ्या बहिणीचा आवाज आला. ती घोषणा वाचत होती. "'घटनेनुसार काम चालणे अशक्य झाले आहे अशी माझी खात्री झाली आहे...'"

"थांबा. कोनाची खात्री?"

"अध्यक्षांची."

"त्याइची? भाजीत मीठ हाये का नाई, याचीबी त्याइले खात्री नसते. मले इचारतात."

हशा झाला. हेडमास्तरांची पत्नी म्हणाली, "नामंजूर करून टाका अन् मोकळ्या व्हा."

"मोकळ्या नाही होत," बहीण म्हणाली. "नामंजूर केली तरी सहा महिने पुरे होईपर्यंत ती चालूच राहते. वैशाखापर्यंत दार बंद."

"आन मंजूर केली तं?"

"मग पुढल्या वैशाखापर्यंत बंद."

मग दार किलकिले झाले. "वकीलभाऊ," रावसाहेबांची पत्नी म्हणाली, "हो बी नाई, नाई बी नाई, असं काही तुमच्या कायद्यात हाये का?"

"आहे," मी म्हणालो. "विचार पुरा झाला नाही म्हणून सभा तहकूब करता येते."

"कवापर्यंत?"

"ते सभेने ठरवायचे. उद्यापर्यंत करता येईल."

"आन उद्या?"

"उद्या परवापर्यंत."

"आन सभा चालू हाये तोवर दार?"

"उघडे ठेवावे लागेल."

दार बंद झाले. आत कुजबुज झाली, मग अध्यक्षीणबाईंचा आवाज आला: "गोष्ट मोठी हाये, घाईनं करू नाई. आज विचार झाला, उद्या पुन्हा करू. आता ते मासिक इकडं द्या कोनी."

त्यानंतर आतून फक्त पाने उलटण्याचा आवाज येत राहिला.

अशा रीतीने आमच्या वाचनालयात घोषणेवर विचार चालू झाला. तो रविवार सोडून रोज दुपारी चालला. इतका सखोल विचार विलायतेच्या पार्लमेंटात झाला नसावा. नागपूरच्या घोषणेला तिकडे संमती मिळाली असे वर्तमानपत्रात आले. ते वर्तमानपत्र आमच्या स्त्री-सभेत वाचले गेले, आणि एवढी घाई काय होती, असे मत तेथे पडले. त्या दोन सभागृहांपैकी एकात बाई नव्हती आणि दुसऱ्यात मोजक्या होत्या, हे मी बहिणीला सांगितले. "मग उरकलं असेल," ती म्हणाली.

ती आता रोज लुगडे बदलून जाऊ लागली. आई म्हणाली, रोज काय जायचे? बहीण म्हणाली, सभा आहे. सभेला जाणाऱ्या माणसाला अडवण्याची वेळ तोवर कोणावर आली नव्हती, कारण सभेला जाणारी माणसे पुरुष असत.

रावसाहेबांचे हाल झाले. चैत्रात त्यांनी आरामखुर्ची बाहेर लिंबाखाली टाकून पाहिली. पहिल्या दिवशी माश्या आल्या, दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून मागणारे. तिसऱ्या दिवशी कास्तकार आला. त्याने खुर्चीशेजारी बैठक मारली आणि म्हणाला, "रावसाहेब, तुमचं राज्य बाहेर येऊन बसलं, न् रयत अंदर थंड्यात." रावसाहेब खुर्ची तेथेच टाकून घरी गेले. त्यानंतर दुपारी ते दिसेनासे झाले.

वैशाख लागताच ते माझ्याकडे आले. उभे राहूनच बोलले.

"सहा महिने पुरे होताच ही घोषणा रद्द होते."

"होय."

"दुसऱ्या दिवशी मी नवी केली तर?"

हा प्रश्न मी अपेक्षिला होता. कोणत्याही मर्यादेला हेच दार असते; मुदत संपली की नवी मुदत. मी म्हणालो, "नियमात मनाई नाही. पण तीही दोन्ही सभांपुढे ठेवावी लागेल."

"म्हणजे पुन्हा बायका?"

"पुन्हा बायका. पुन्हा विचार."

त्यांनी टोपी घातली. "विचार पुष्कळ झाला," ते म्हणाले, आणि गेले. मुदत भरली त्या दिवशी त्यांनी किल्ल्या जुन्या चिटणिसांकडे पाठवून दिल्या. घोषणा रद्द झाली. निवडणूक झाली. ज्यांनी राजीनामे दिले होते तेच पुन्हा निवडून आले, आणि या वेळी त्यांना हार घालण्यात आले. मलाही मंडळात घेतले. हरकत घेणारा माणूस आत असलेला बरा, असा हिशेब असावा.

घोषणा गेली, तशी तिच्यावर विचार करणारी सभाही गेली. रोजच्या दुपारी बंद झाल्या. जुना नियम तेवढा उरला: मंगळवार आणि शुक्रवार.

"म्हणजे आता दोनच?" बहिणीने विचारले.

"दोन."

"तुमच्या मंडळाला पुन्हा राजीनामा द्यायला सांग ना."

ती हे गंभीरपणे म्हणाली की नाही, ते मला तेव्हाही ठरवता आले नाही. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी ठराव मांडला की, वाचनालय स्त्रियांस रोज दुपारी खुले असावे. मला वाटले होते, लोकांचे राज्य परत आले आहे, हरकत येणार नाही.

हेडमास्तर म्हणाले, "आणीबाणीत चालले ते चालले. आता सगळे सुरळीत झाले आहे." माझे ज्येष्ठ म्हणाले, मूळ घटनेत दोन दुपारी आहेत आणि मूळ घटना पवित्र आहे. ती त्यांनीच लिहिली होती. एका सभासदाने विचारले, रोज वाचू लागल्या तर घरी भाकरी कोण थापणार? त्याला सांगण्यात आले की, भाकरी दुपारी दोनला थापीत नाहीत. तो म्हणाला, तरीपण. मते समसमान पडली.

अध्यक्षांचे निर्णायक मत राहिले. मी ठराव हरला असे समजून कागद आवरू लागलो. दोन महिने बायकांनी ज्यांची झोप मोडली होती त्यांच्याच हाती तो गेला होता.

रावसाहेब खिडकीकडे पाहत बसले होते. मग सरकारी मराठीत म्हणाले, "गेल्या दोन महिन्यांत मी दुपारी घरी होतो. घरातील मंडळी इकडे असत. घरी फार शांतता असते. हे पूर्वी माझ्या लक्षात आले नव्हते. ठराव मंजूर."

"नींद लागते ना घरी बराबर?" कास्तकाराने दारातून विचारले. तो मंडळाचा सभासद नव्हता. कोणीही त्याला बाहेर जा म्हणाले नाही.

"लागते," रावसाहेब म्हणाले.

प्रांताचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्र्याण्णवाव्या कलमाचा अंमल तीन वर्षांपलीकडे चालू नये, असे कायद्यातच लिहिले होते. तीन वर्षे भरत आली तेव्हा विलायतेने ती मर्यादाच पुढे सरकवून घेतली आणि गव्हर्नरांचा कारभार लढाई संपेपर्यंत चालला. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मर्यादा आमच्या घटनेतही तीच होती, शब्दही तेच होते. तिकडे ती सरकली आणि आमच्याकडे टिकली, याचे श्रेय शब्दांना देता येत नाही. रावसाहेब कायदा मोडणारे नव्हते, बायका उठून जाणाऱ्या नव्हत्या, आणि खोली थंड होती.

ठरावाची बातमी मी त्याच संध्याकाळी घरी सांगितली. बहीण चुलीपाशी होती. तिने ऐकून घेतले आणि भाकरी उलटली.

"किल्ली कोणाकडे राहणार?" तिने विचारले.

"चिटणिसांकडे. ते दुपारी उघडतील."

"दुपारी ते झोपतात."

हे मी विसरलो होतो. "बरे. मंडळाला विचारतो, एक किल्ली बायकांकडे द्यावी का म्हणून."

"विचारू नकोस," ती म्हणाली. "ठराव कर."

पुढच्या बैठकीत केला. मंजूर झाला. किल्ली पुढे वीस वर्षे आमच्या स्वयंपाकघरात, तिखटामिठाच्या फडताळाशेजारी खिळ्याला टांगलेली होती. मंगळवार असो वा बुधवार, दोन वाजता ती खिळ्यावर नसे.